पुढचं डावं

अमघऱ्याच्या यार्डात ट्रक ओढूनच आणावा लागला.
क्रेनवाला कुरियाकोस आधी मला रस्ता दाखवायला घेऊन गेला:
फाटकापासून आतपर्यंत डांबरावर एकच काळी रेघ,
कुणी फूटपट्टी धरून ओढल्यासारखी.
बाकीची चाकं फिरत आली होती. पुढचं डावं घासत.

लष्कराचा जुना. बू मिशारीने लिलावात उचललेला.
दाराच्या कडेला रंग उखडलाय, तिथे थर मोजता येतात:
वाळू, हिरवा, पुन्हा वाळू.
मधला हिरवा कोणाच्या वेळचा, मी विचारत नाही.
मला चाकाशी मतलब.

डिसेंबर. वाळवंटाकडून येणारा वारा कानात शिरत होता.
उजव्या ड्रमवर थुंकलो, थुंकी तशीच बसून राहिली.
डाव्यावर थुंकलो.
चर्र झालं आणि गेलं.

गुलझमान म्हणाला, हातोडा मारू.
त्याच्याकडे सगळ्या दुखण्यांना हे एकच औषध.
थांब म्हटलं. चिपळूण डेपोत ढवण मिस्त्री सांगायचे,
आधी विचारायचं, मग मारायचं.
आम्हा पोरांना मात्र ते न विचारता मारायचे, ते वेगळं.

हँडब्रेक? या जातीत तो चाकाला नसतोच,
मधल्या शाफ्टला असतो. एक नाव खोडलं.
बूस्टर? तो धरून बसला असता
तर सगळीच चाकं धरली असती. दुसरं खोडलं.
उरले आतले: बेअरिंग, गंजलेले शूज, तुटकी स्प्रिंग.

जॅक लावला. ब्लीडरवर पंधरा वर्षांचा गंज,
त्याला रॉकेल पाजलं, चहा होईपर्यंत मुरू दिलं.
पाव आटा उघडला
आणि तेल पिचकारीसारखं थेट माझ्या चष्म्यावर.
चार माणसांना न जुमानणारं चाक
एका बोटाने फिरलं.

म्हणजे गंज नाही. कोंडलेला दाब.
ब्लीडर बंद केला. गुलझमानने वर चढून पेडल दाबलं, सोडलं.
मूठ पुन्हा आवळलेली.
आता वरची जोडणी सैल केली,
लोखंडी नळी संपून रबरी सुरू होते तिथली.
वाट पाहिली. एक थेंब आला.
दुसरा यावं की नाही याचा विचार करत राहिला.
चाक जागचं हललं नाही.

तर वर दाब नाही, खाली आहे,
आणि दोघांच्या मध्ये हातभर रबर.
बाहेरून ना भेग, ना फुगवटा.
बू मिशारीने अंगठ्याने चोळून पाहिलं,
"हादा जदीद," म्हणाला. नवाच की हा!
मधोमध आडवा कापला.
आत भोक म्हणावं असं काही नव्हतंच,
रबर सुजून आलेलं, दुखऱ्या घशासारखं मिटलेलं.

जाताना तेलामागे माणसाच्या पायाचा जोर असतो, ते घुसतं.
परतताना मागे असते फक्त स्प्रिंग,
आणि स्प्रिंगला एवढं कुठलं बळ.

हे त्याला अरबी-हिंदीच्या भेळीत समजावलं,
हाताने दाखवलं. यरूह, मा यर्जा.
जातं, परत येत नाही.
तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला,
मग म्हणाला, तू किती वर्षं आहेस इथे?
मी म्हटलं, होज साडेसहा दिनार, मजुरी वेगळी.

चार वाजता ट्रक आपल्या पायांनी फाटकापर्यंत गेला, आला,
पुन्हा गेला, आला, बू मिशारीचा धाकटा खिडकीतून ओरडत.
मी वॉशिंग पावडर आणि वाळूने हात घासत होतो.
गुलझमानने कापलेला तुकडा सदऱ्याला पुसला
आणि एका टोकाने फुंकला. बारीक शिट्टी वाजली.
उलटा धरून पुन्हा फुंकला.
गाल फुगले, डोळे मोठे झाले, मिशा ताणल्या गेल्या.
"इधर से बंद है, उस्ताद."
ठेव खाली, म्हटलं. तोंड धू.